चुकलेल्या जेवणाच्या कॅलरी

अगं, आमच्या ह्यांचं काय सांगू! मोबाइलवर कॅलरी मोजतात म्हणे. आणि रोज संध्याकाळी सातपूरच्या कंपनीतून डबा जसाच्या तसा परत.

"जेवला नाहीत?"

"मीटिंग होती. दुपारच्या कॅलरी राहिल्या, म्हणून येताना मिसळ खाऊन कोटा पूर्ण केला."

आता पहाटे उठून थापलेल्या भाकरी काय फेकून द्यायच्या? त्या रात्री मीच खायच्या!

वर मागच्या सोमवारी मलाच म्हणतात, "तुझं वजन वाढलंय गं, तूही मोजत जा."

असा संताप आला! दुसऱ्या दिवसापासून डबा रिकामाच देते. कालसुद्धा तो ओट्यावर ठेवत म्हणाले, "आज परत जेवायला वेळच मिळाला नाही गं!"