खजिनदाराची बायको

"अजून किती वेळ उभं करणार आहेत? गुडघे गेले माझे."

व्हर्माँटमधल्या आमच्या गावात मतदान अग्निशमन दलाच्या शेडमध्ये होतं. रांगेत माझ्यापुढे मर्ना होती, सव्वीस वर्षं गावाचा खजिनदार असलेल्या रॉसची बायको. तिच्यापुढे ऑड्री, तिची शाळेपासूनची मैत्रीण. यंदा रॉसच्या विरोधात तीच उभी.

"गुडघे राहू देत, आधी तो बिल्ला काढ. आत प्रचार चालत नाही," मर्ना तिला म्हणाली.

"काढला गं बाई. आता निवडणुकीचं अवाक्षर नाही."

"बाहेरच्या टेबलावरचा केक घेतलास?"

"दोन घेतले. तुझ्या हातचे होते म्हणून. मर्ना, रागावली आहेस?"

"कशाबद्दल?"

"गावाच्या खर्चाची सगळी बिलं वाचनालयाच्या भिंतीवर लावा म्हटलं, त्याबद्दल. रॉस पैसे खातो असं मी कध्धी म्हटलं नाही हं."

"हा प्रचार झाला."

"होऊ दे! लावायला त्याचं काय जातं, एवढं तरी सांग. दडवतो काय?"

"हळू बोल."

"तूच सांग मग हळू."

मर्नाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"त्याला दिसत नाही गं आता. दोन वर्षं झाली. बिलं मी वाचते, मी बोट ठेवते तिथे तो सही करतो. भिंतीवर लागली की लोक एकेका बिलावर प्रश्न काढतील, सभेत त्यालाच वाचायला लावतील, ही भीती. तू निवडून ये, ऑड्री. माझं मत तुलाच आहे."