कोरं सोडलेलं पान

डोळ्यांच्या दवाखान्यात दोघी बहिणींची एका जाडजूड पुस्तकावरून हुज्जत चालली होती. ताईच्या डोळ्यांत पुन्हा थेंब घालायला आलेली नर्स उघडी बाटली हातात धरून ऐकत राहिली.

"ताई, बायबल समजावून सांगायचं म्हणून ह्या लेखकानं इतकं पाल्हाळ लावायचं? नुसत्या वंशावळीवर चाळीस पानं!"

"पण एकेक नाव कसं जिवंत केलंय गं!"

"आणि मित्राच्या कबरीपाशी येशू रडतो, तिथे एकच ओळ. बाकी पान कोरं! छापायचं राहिलं असणार."

"वाचलीस का ती ओळ?"

"नाही बाई."

"मग वाच मोठ्यानं. थेंबांनी मला दिसत नाहीये."

"'आज लेकाला माती देऊन आलो. हे मी समजावणार नाही.' ...अगं बाई."

"उलट आता पान."

"थांब ताई. एवढ्यात नको."

नर्सनं बाटलीचं झाकण हळूच पुन्हा लावलं.