तिरसट शिंप्याची जीभ

...नाही, काल भावोजी त्या गिऱ्हाईक बाईंवर ओरडले तेव्हा मी दुकानात नव्हते, हे आधीच स्पष्ट करते — मी माडीवर काजं करत होते, दार आपटलेलं तेवढं ऐकलं. म्हणे, 'आधी हट्ट उसवून आणा, मग कोट शिवतो.' वाक्य बरं आहे, नाकारत नाही. पण माझं नाही. बसा ना. आणि तो फोन खाली ठेवा, त्यांचा फोटो मिळायचा नाही. ते बटणं आणायला गेलेत — म्हणजे गिऱ्हाइकांना घाबरून पळालेत, पण आपण बटणं म्हणू.

तुम्हीही बोलणी खायलाच आलात ना? 'पोट आत ओढून माप देऊ नका. शर्ट घातल्यावर ते बाहेर येणारच आहे' — हे फेसबुकवर वाचून? अहो, आमचे भावोजी मुंगीलासुद्धा 'जरा सरकता का' म्हणतील! दुकानाच्या पेजवर त्यांनी स्वतः पहिलं काय लिहिलं होतं, सांगू? 'आपल्या सेवेत सदैव तत्पर.' तसं तर समोरचा पंक्चरवालाही लिहितो. मी म्हटलं, द्या इकडे — कोण? मी लिहिते असं कुठे म्हणाले मी? म्हणाले का? बरं, म्हणाले. जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, एका विद्यार्थ्याला माझं वाक्य आठवत नाही. आणि इथे पोटावरचं वाक्य लोक तोंडपाठ म्हणून दाखवतात — कुणाला? भावोजींना! आणि ते मान खाली घालून म्हणतात, 'सुचतं आपलं.' सुचतं! गिऱ्हाईक हिरमुसू नये म्हणून चार तिरसट वाक्यं मीच घोकून घेतली त्यांच्याकडून — काल ते हट्टाचं पाचवं त्यांनी स्वतःचं जोडलेलं दिसतंय.

म्हणून ठरवलंय, आज पेजवर खरं काय ते लिहायचं. खाली माझं नाव. तिरसट शिंपी म्हणजे त्याची वहिनी, कळू दे सगळ्यांना.

हसताय का? काय दाखवताय — आज सकाळची पोस्ट? मी आज काहीही टाकलेलं नाही. द्या बघू. 'काउंटरवरच्या वहिनी सांगतील, हे सगळं त्याच लिहितात. मुकाट मान डोलवा; वाद घातलात तर पँट आखूड येईल.'

...

अर्धविरामसुद्धा जागच्या जागी. भावोजींना पूर्णविरामही देता येत नाही. जाऊबाई पेज उघडूनही बघत नाहीत — निदान तसं म्हणतात. आणि पासवर्ड तर फक्त मला... जाऊबाईंच्या शेजारी बसूनच टाकते मी तो.

मान कसली डोलवताय? उठा. माप उद्या.