सुटी केलेली सही

वकिलांच्या दाराबाहेरच्या बाकावर शिंपीणबाई आपल्या नंबराची वाट बघत होत्या. शेजारी भाऊ-बहीण कुजबुजत होते, आणि कानांना काही झाकण नसतं.

"दादा, खरं सांग. बाबांच्या मृत्युपत्राला हात लावलास?"

"लावला. त्यांची डिजिटल सही फाइलपासून सुटी केली, घरापुढचं तुझं नाव काढून माझं घातलं, आणि सही परत जोडली."

"शहाणाच आहेस! एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. बाबाच सांगायचे ना?"

"तेच तर, चिमे. काल तपासली. जुळली."

"कशी जुळेल?"

"ती जुनी सही नव्हतीच. कालच्या तारखेची होती."

"बाबांना जाऊन वर्ष झालं, दादा! त्यांचा पासवर्ड तर..."

"कुणालाच ठाऊक नाही."

"मग काय, घर तुझं?"

"नाही गं. फाइल उघडली, तर घरापुढे पुन्हा तुझंच नाव. आणि खाली एक नवी ओळ."

"कसली?"

"'बाळ्या, माझ्या खुर्चीवरून ऊठ.'"

"...उठलास?"

"तेव्हापासून कुठेच बसलो नाही."

शिंपीणबाईंनी मान वळवून पाहिलं. बहीण बाकाच्या त्या टोकाला होती, भाऊ भिंतीशी उभा होता, आणि मधली जागा रिकामी होती. त्याही हळूच उठल्या.