नरहरीरावांचा स्थलनिर्णय

आजच्या सभेच्या अध्यक्षा चारुताताई, व्यासपीठावरील मान्यवर, वाचनालयाचे पदाधिकारी, सत्कारमूर्ती नरहरीराव, ज्यांच्यामुळे ते सत्कार करण्याजोगे राहिले त्या आनंदीवहिनी, आणि चहा येईपर्यंत न उठण्याचा संकल्प सोडलेले बोईसरकर सुजनहो,

नरहरीराव कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होत आहेत. या महिनाअखेर कॉलनीतलं घर सोडायचं. पण जायचं कुठे? एवढा मोठा देश. माणसाने नेमकं कुठे राहावं? या प्रश्नाचा नरहरीरावांइतका पद्धतशीर विचार दुसऱ्या कोणी केला असेल, असं निदान बातमीदार म्हणून माझ्या कानावर आलेलं नाही. दरवर्षी रजा घेऊन ते एकेक प्रांत पारखून येत. परतल्यावर आमच्यासमोर ते पूर्वपक्ष मांडत, आणि वहिनी चहा गाळता गाळता उत्तरपक्ष.

“गढवालची हवा म्हणजे अमृत!”

“हो. भाजी घेऊन वर चढेपर्यंत भूकच मरते.”

“म्हैसूर किती नेटकं!”

“भांडायचं कुठल्या भाषेत?”

“नागपूरची संत्री?”

“मे महिन्यात नसतात.”

शेवटी नरहरीराव हताश होऊन म्हणाले, “मग सांगली. तिथे सगळे आपलेच आहेत.”

वहिनी म्हणाल्या, “म्हणूनच नको.”

हसण्यावारी नेलं, तरी प्रश्न खरा होता. या वयात नवा प्रांत अंगाला लावून बघता येत नाही. मुक्काम चुकला की चुकला. वहिनींना रात्री झोप लागेना.

अशात गेल्या महिन्यात शेजारच्या पाम गावात नर्मदाकाकूंच्या नातीचं लग्न निघालं. काकू तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. काकू, पदर तोंडावरून काढा, तुमची स्तुतीच करतोय. आपल्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी गाव मांडवाखाली कामाला बसतो, हे सर्वांना ठाऊक आहे. कॉलनीतल्या लोकांना मात्र पत्रिका, पुढची खुर्ची आणि सरबत. इतकी वर्षं हे दोघे त्या खुर्च्यांवर मानाने अवघडून बसले. यंदाही वहिनी बसायला गेल्या, तर काकू टोपलं घेऊन समोर उभ्या.

“आनंदीबाय, खुर्चीवर काय बसतेस? एवढे वाल कोन सोलनार? ये खाली!”

वहिनी ठेवणीतल्या साडीसकट खाली बसल्या. नरहरीराव उभेच.

“भाऊ, तुमी नारल सोला.”

“काकू, मला येत नाही हो.”

“मग शिका. घाई नाय.”

विद्वज्जनहो, या दोन शब्दांत किती वर्षांचा वायदा आहे पाहा! संध्याकाळी परतताना वहिनी एवढंच म्हणाल्या, “मला आता कुठेही पाहुणी म्हणून जायचं नाही.” नरहरीरावांनी प्रथमच पूर्वपक्ष मांडला नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी काकूंच्या वाडीतल्या दोन खोल्या ठरवल्या.

तेव्हा आपले सत्कारमूर्ती शेअर रिक्षाने जाता येईल इतकेच दूर चालले आहेत. तिथे त्यांना आरोग्य लाभो, आणि नारळ सोलताना बोटं शाबूत राहोत. वाचनालयाने मला बोलावलं, आपण ऐकून घेतलं, याबद्दल मी ऋणी आहे. निरोपाचं भाषण करायला उभा राहिलो आणि त्यात निरोपच राहून गेला, एवढी चूक पोटात घालावी.