आवडीनिवडींचे वीस गुण

—नाही नाही, मिटू नका, तोंड मिटू नका काका, बधिर व्हायला अजून पाच मिनिटं लागतील, आणि तो कापसाचा बोळा जिभेनं ढकलू नका — हं, अस्सं. तर काय सांगत होते? ते चित्र. आल्या आल्या विचारलंत ना, दातांच्या दवाखान्यात दीपगृहाचं चित्र कशाला? सगळेच विचारतात. मी सगळ्यांना सांगते, जुन्या कॅलेंडरवरचं आहे, भिंतीचा ओलावा झाकायला लावलंय. खोटं आहे ते. भिंत कोरडी ठणठणीत आहे. आता तुमच्या तोंडात कापूस आहे म्हणून सांगते, आणि तुम्ही तसे ओळखीचेही नाही, म्हणजे बरंच.

मी नववीत होते. आमच्या शाळेत एक ग्रंथपाल बाई होत्या — उंच, आणि आवाज इतका हळू की ऐकायला आख्खा वर्ग श्वास रोखून बसायचा. एका दुपारी त्यांनी वर्गात येऊन गुलाबी कार्डं वाटली. त्यावर तीन ओळी. आवडतं संगीत, आवडतं पुस्तक, फुरसतीच्या वेळात काय करता. आणि खाली? खाली लिहिलेलं, 'एकूण गुण वीस'. आवडीला गुण! कुणाला वाटलं का हे विचित्र आहे? कुणालाही नाही. सगळे खाली माना घालून भराभर लिहायला लागले. आणि मी? मी बसले. कारण मला काहीच आवडत नव्हतं हो. म्हणजे भूक लागायची, झोप यायची, थंडीत उन्हात उभं राहायला बरं वाटायचं, पण ती काय आवड झाली? आमच्या घरी वडील रेडिओ लावायचे तो बातम्यांना, गाणं सुरू झालं की बंद — सेल संपतात म्हणून. पुस्तकं म्हणजे शाळेची. फुरसत म्हणजे दळण आणायचं. ते लिहू? — तोंड जरा मोठं. अजून. झालं.

माझ्या शेजारी टाचणी बसायची. खरं नाव वेगळं, पण आख्खी शाळा टाचणीच म्हणायची, कारण काटकुळी, आणि तिचं कोपर! बाकावर कोपर असं ठेवायची की माझ्या बरगड्यांना वर्षभर भोकं पडायची बाकी होती. पण मैत्रीण म्हणजे मैत्रीण, डबा एक, छत्री एक, सर्दीसुद्धा दोघींना एकदमच. तर मी तिच्या कार्डावर पाहिलं. तिनं काय लिहिलं होतं? संगीत — अ‍ॅकॉर्डियन. पुस्तक — दीपगृहांवरचं. फुरसतीत — मेघनिरीक्षण. मी थक्क! इतकी वर्षं शेजारी बसते आणि या मुलीच्या आत एवढं सगळं आहे? आणि मी... मी उतरवून काढलं. जसंच्या तसं. मेघनिरीक्षण म्हणजे काय हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मला वाटलं, प्राण्याचं काहीतरी असेल.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोघींना बोलावलं. टेबलावर दोन कार्डं, शेजारी शेजारी. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "पैसे चोरणारा गरजेपोटी चोरतो. आवड चोरणारा कशापोटी चोरतो?" याला काय उत्तर आहे काका? "कुणी कुणाचं पाहिलं?" टाचणीनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी टाचणीकडे दाखवलं. आणि मी जास्त जोरात दाखवलं, अगदी हात ताणून. बाई म्हणाल्या, ठीक आहे, वार्षिक परीक्षेपर्यंत सिद्ध करा. जिची खरी आवड, तिला वीस. दुसरीला शून्य, आणि पालकांना चिठ्ठी.

झालं! शाळेच्या कपाटात एकच अ‍ॅकॉर्डियन, त्याच्या तीन पट्ट्या मेलेल्या, भात्याला डिंकानं कागद चिकटवलेला. सोमवार-बुधवार-शुक्रवार माझा, बाकीचे वार तिचे. ग्रंथालयात बाईंनी शोधून एक पुस्तक काढलं, दीपगृहांची बांधणी आणि देखभाल, चारशे बारा पानं, छापल्यापासून कुणी घरी नेलेलं नव्हतं. ते आठवडाभर माझ्याकडे, आठवडाभर तिच्याकडे. आणि ढग! आई विचारायची, गच्चीवर काय करतेस? मी म्हणायचे, नोंद. "कसली नोंद?" "ढगांची." आईनं वडिलांना सांगितलं, वडील गच्चीवर आले, बराच वेळ वर बघत उभे राहिले आणि म्हणाले, "तिथे काही नाहीये." मी वहीत लिहिलं, सायंकाळ, निरभ्र.

परीक्षेला दोघींनी एकच चाल वाजवली, कारण शिकायला पुस्तक एकच होतं. दोघींची तीन ठिकाणं रिकामी गेली, त्या मेलेल्या पट्ट्यांमुळे. मग बाईंनी विचारलं, दीपगृहाची काच कशानं पुसावी? आम्ही दोघी एका सुरात — मऊ कातड्यानं, वरून खाली. बाईंनी ती दोन कार्डं परत शेजारी शेजारी मांडली. मग दोघींना दहा-दहा दिले. बाहेर आल्यावर टाचणी मला म्हणाली, "चोर." आणि मी? मी म्हणाले, "तू चोर." तिच्यापेक्षा मोठ्यानं. जिन्यात घुमलं ते. मग आम्ही बोललो नाही. दहावी अख्खी गेली, एका वर्गात, मधे तीन बाकं. नंतर ती कुठे आणि मी कुठे — दुखतंय का इथे? नाही? हाताला मुंग्या येतात का? हाताला यायला नकोत, दाताचं इंजेक्शन आहे. बरं.

आता तुम्ही म्हणाल, संपलं की मग. कसलं संपतंय! मी सोडलंच नाही. सोडायचं कसं? सोडलं म्हणजे सिद्धच झालं ना, की चोर मी. चौतीस वर्षं झाली. तीन अ‍ॅकॉर्डियन आहेत घरात. ढगांच्या नोंदीची अकरा रजिस्टरं, कपाटात नवऱ्याचे शर्ट ठेवायला जागा नाही, तो बिचारा खुर्चीवर ठेवतो. लग्नानंतर फिरायला गेलो ते कुठे? दीपगृहावर. दोनशे बारा पायऱ्या. त्याचा गुडघा तेव्हापासून जो गेला तो गेला. वर पोचल्यावर तो धापा टाकत म्हणाला, किती सुंदर समुद्र! आणि मी काच बघत होते — खालून वर पुसली होती, सगळे ओघळ. एकदा त्यानं विचारलं, अगदी प्रेमानं हं, "खरं सांग, तुला आवडतं का हे सगळं?" मी म्हटलं, पुरावा हवाय तुला? आणि सव्वा तास वाजवलं. परत नाही विचारलं त्यानं.

आणि गेल्या महिन्यात — हं, आता आवाज येईल मशीनचा, घाबरू नका — गेल्या महिन्यात एक बाई आल्या, डावीकडची खालची दाढ. मला मास्क, चष्मा, बाहेरच्या पाटीवर सासरचं आडनाव. तिनं काही ओळखलं नाही. मीही नाही. ती या खुर्चीवर आडवी झाली, मी वाकले, आणि माझ्या बरगडीत असं टोचलं की मी किंचाळलेच. ते कोपर! जगात दुसरं असणं शक्य नाही. मी काय केलं माहितीये? आधी इंजेक्शन दिलं. मग बोळा ठेवला, एक नाही, चार ठेवले. आणि मग मास्क काढला. म्हटलं, "टाचणे, मीच पाहिलं होतं तुझ्या कार्डावर. माझं कोरं होतं. चोर मी होते." रडले हो मी. चष्म्याच्या आत पाणी साठलं, मला दाढ दिसेना, तशीच चाचपत सिमेंट भरलं. ती नुसती डोळे मोठे करून बघतेय, हाताने खुणा करतेय, मला वाटलं, माफ केलं म्हणतेय. बोळे काढले. तर ती हसायला लागली. अशी हसली की मी भरलेलं सिमेंट उडून त्या दिव्याला चिकटलं — ते बघा, डाग आहे अजून.

म्हणाली, "अगं वेडे, मी फळ्यावरून लिहिलं होतं." कुठल्या फळ्यावरून? आधीचा तास शुद्धलेखनाचा होता. सरांनी कठीण शब्द लिहिले होते. दीपगृह, अ‍ॅकॉर्डियन, मेघनिरीक्षण. पुसायचे राहिले होते. "मलाही काही सुचत नव्हतं," म्हणाली, "समोर दिसलं ते टाकलं. चौथा शब्द मूत्रपिंड होता, तो कुठल्या ओळीत बसेना." आणि मला तेव्हा फळा दिसायचाच नाही काका! चष्मा मला अकरावीत लागला. मी आपली फळा पुसलेलाच आहे असं समजून वर्षभर अंदाजानं शिकत होते. तिला विचारलं, मग तू अजून वाजवतेस? तर म्हणाली, परीक्षा झाली त्याच संध्याकाळी सोडलं. आता काय आवडतं तुला? म्हणाली, टीव्हीवर कुस्ती बघते, पाय स्टुलावर टाकून. आणि वाचायला? औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं. मोठ्यानं वाचते, नवऱ्याला घाबरवायला. इतकी सुखी बाई मी पाहिली नाही.

आणि मी घरी गेले ती तशीच पलंगावर बसले. चौतीस वर्षं कुणाची आवड जपली मी? तिचीही नाही, माझीही नाही. खडूची! ठरवलं, सगळं देऊन टाकायचं. एका शाळेतले संगीतशिक्षक अ‍ॅकॉर्डियन बघायला आले. भले गृहस्थ. त्यांनी हातात घेतलं आणि भाता कडेला धरून ओढला. मी म्हटलं, असं नाही, आधी पट्टा खांद्यावर. ते म्हणाले, येतं मला. मी म्हटलं, नाही येत, द्या इकडे. आणि वाजवून दाखवलं. एक चाल, मग दुसरी, मग नवऱ्यानं दोनदा चहा आणून परत नेला. शेवटी ते उठून म्हणाले, "बाई, छान वाजवता, पण तुमच्या चालीत मधेच तीन स्वर गायब होतात." मी म्हटलं, ते असेच असतात. वाद्य न घेताच गेले. घाईघाईनं गेले.

मग परवाच्या रविवारी मी टाचणीला घरी बोलावलं. का बोलावलं? म्हटलं, ये, ऐकून तर जा. ती आली, खुर्चीत बसली, पाय स्टुलावर टाकले, म्हणाली, "हं, वाजव." मी भाता उघडला, आणि दुसऱ्या ओळीला ती झोपली. झोपली म्हणजे घोरायलाच लागली. नवरा गुडघा शेकत आतल्या खोलीत, दार लावून. म्हणजे ऐकणारं कोण? कोणीच नाही. गुण देणारं? कोणी नाही. जिला दाखवून द्यायचं होतं ती तोंड उघडं टाकून घोरतेय — वरची एक दाढ किडलीये तिची, तेही दिसलं. मी थांबले. थांबू शकत होते ना मी? पहिल्यांदाच, अगदी कायमचं थांबू शकत होते. खोलीत नुसतं तिचं घोरणं. आणि मग... मग मी पुढे वाजवलं. शेवटपर्यंत. हळू वाजवलं, तिची झोप मोडू नये म्हणून. ती उठली तेव्हा म्हणाली, "झालं का?" म्हटलं, हो. म्हणाली, "मग चहा ठेव."

—हं. झालं तुमचंही. उठा, चूळ भरा, सावकाश. दोन तास काही खायचं नाही, आणि गरम तर नाहीच. काय? नाही, काही बोलू नका, ओठ बधिर आहे, चावला जाईल. आणि बाहेर कुणाला सांगायचं नाही यातलं. कॅलेंडरवरचं आहे ते चित्र, ओलाव्यासाठी. या आता. आणि जाताना दार उघडं ठेवा — पुढचे कोण आहेत, पाठवून द्या.