स्प्रिंगला घातलेला मफलर

...नाही, पण तुम्हीच सांगा, तारांवर पंजा ठेवला, गिटार थांबवली, की सगळं थांबायला नको? तारा थांबतात, ड्रम थांबतो, मी श्वाससुद्धा थांबवतो. आणि स्प्रिंग? टँऽऽऽग!

तुम्हाला सांगतो, इलेक्ट्रिक गिटारला एक दांडी असते. ती दाबली की सूर लहरतो, आणि त्यासाठी पाठीमागच्या झाकणाखाली तीन स्प्रिंगा ताणलेल्या असतात. तो आवाज त्यांचा, हे मला कधी कळलं? सतरा वर्षांनी! तोवर मी तारा बदलल्या, वायर बदलली, स्पीकर उघडून फुंकर मारली... रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

आणि नेमकं आमच्या चौघांच्या बँडच्या गाण्याचं रेकॉर्डिंग. मधला सोलो माझा, आयुष्यातला पहिला! रेकॉर्डिंगवाला हेडफोन काढून म्हणतो, "काका, मागे कुणी भांडी आपटतंय का?" भांडी! "उद्यापर्यंत हे बंद करा, नाहीतर सोलो कीबोर्डला देऊ." कीबोर्डवाल्यानं तिथंच बोटं कडाकडा मोडली हो!

घरी आलो, झाकण उघडलं, आत स्पंज कोंबला. अर्धा नाही, अख्खा! अर्धवट काम आपल्याला जमत नाही. आवाज बंद... दांडीही बंद! हलेचना! उपसला स्पंज. आणि स्प्रिंग? टँऽऽऽग!

बायको शेजारी स्वेटर विणत होती. मान वर न करता म्हणते, "अहो, गळा कशाला दाबताय तिचा? मफलर घाला." आणि उठून तिनं लोकरीचा धागा त्या तिन्ही स्प्रिंगांतून आत-बाहेर, आत-बाहेर, सैलसा ओवून दिला. मी दांडी दाबली. हलली! तारांवर पंजा ठेवला. आणि स्प्रिंग?

...

ऐकलंत? काही नाही! चिडीचूप! नाचलो हो मी, या असल्या गुडघ्यांनी!

दुसऱ्या दिवशी छाती काढून स्टुडिओत गेलो, एका दमात सोलो ठोकला. रेकॉर्डिंगवाला खुर्चीतून उठला! "काका, एक नंबर! सोलो तुमचाच!" कीबोर्डवाल्याचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही!

"फक्त जरा कोरडं वाटतंय," रेकॉर्डिंगवाला म्हणाला. "मागे थोडा घुमारा टाकतो." आणि कौतुकानं एका लोखंडी पेटीवर हात फिरवला. म्हटलं, काय असतं रे हिच्यात?

"स्प्रिंगा, काका! खऱ्याखुऱ्या. आवाज त्यांच्यातूनच घुमतो. मुद्दाम मागवल्यात."

म्हटलं, टाक बाबा. सोलो माझा आहे ना, मग टाक हव्या तेवढ्या!